काबालेनं उघडलेला हौद

काबाले जट्टानी आम्हाला पाणीवाटपाचं धोरण शिकवायची. आम्ही सगळे पंधरा-वीस वर्षं सरकारी नोकरीत मुरलेले, पोटं सुटलेले अधिकारी. ती उत्तरेकडच्या, गुरं पाळणाऱ्या बोराना जमातीतली, आवाज खर्जातला. वर्गात नकाशे पुरेसे झाले तेव्हा म्हणाली, "आता हारो दिम्माला चला. ज्यांना पाणी वाटता, त्यांची तोंडं तरी बघा."

"मॅडम, तिथं जेवायला मिळेल ना?" किटुईच्या मुटिस्यानं विचारलं.

"उंटाचं दूध मिळेल. पचलं तर नशीब तुझं!"

हारो दिम्माच्या पंपावर दोन हौद. अलीकडच्यावर बोरानांची गुरं पीत होती. पलीकडच्या, शेजारच्या सांबुरू जमातीच्या हौदाच्या व्हॉल्व्हला बोरानांनी कुलूप ठोकलेलं. सांबुरूंची गुरं समोरच्या टेकडीवर तहानेनं हंबरत होती.

"पोरी, त्यांना पाणी कशाला?" बोरानांतला म्हातारा गल्गालो काबालेला म्हणाला. "माझा पुतण्या मारला त्यांनी."

"अब्बा, गुरांनी नाही मारला."

"गुरं त्यांचीच ना!"

आमच्यातला लेपारान सांबुरू होता. तो वही काढून प्रश्न विचारायला लागला, तशी एका बोरानानं त्याची बोली ओळखली. "हा त्यांच्यातला आहे!" काठीचा घाव थेट तोंडावर बसला. लेपाराननं रक्ताबरोबर दोन दात थुंकले. टेकडीवरच्या सांबुरूंनी ते बघितलं असावं, कारण तेवढ्यात गोळ्या सुरू झाल्या.

मुटिस्या गाडीला टेकून उभा होता. गोळी त्याच्या गळ्यात घुसली. मी दोन्ही हातांनी जखम दाबून धरली, पण रक्त बोटांमधून उसळतच राहिलं. काहीतरी सांगायला त्याचे ओठ हलले, आणि मग तेही थांबले.

बोराना पोरांनी बंदुका काढल्या. एक गाय हौदात कोसळली, पाणी लाल झालं. आम्ही चिखलात तोंड खुपसून पडलो होतो. काबाले मात्र कोपरांवर सरपटत पंपाकडे निघाली.

"मरशील गं!" गल्गालो ओरडला.

गोळीनं तिच्या डाव्या कोपराचा चेंदा केला. ती किंचाळली, पण थांबली नाही. उजव्या हातानं दगड उचलून कुलपावर हाणत राहिली. कुलूप तुटलं, तिनं व्हॉल्व्ह फिरवला आणि पलीकडच्या हौदात पाणी धो धो पडायला लागलं.

पाण्याचा वास लागताच टेकडीवरची गुरं उधळली. सगळा कळप खाली आला, बोरानांच्या बिथरलेल्या गायींत घुसला. धुळीत कोणाची गाय कुठली, काही कळेना.

"थांबवा! माझ्या गायी आहेत त्यात!" गल्गालो बेंबीच्या देठापासून ओरडला. फुटक्या तोंडानं लेपाराननं तेच आपल्या बोलीत टेकडीला सांगितलं. गोळीबार विरळ होत होत थांबला.

तरी आणखी एक खून झालाच. गुरांमागे धावत आलेल्या निःशस्त्र सांबुरू गुराख्याला एका बोराना पोरानं आमच्यासमोर कोयत्यानं तोडला. गल्गालोनं त्या पोराला काठीनं आडवा केला, पण उशीर झाला होता.

काबालेचा हात कापावा लागला. दोन्हीकडचे म्हातारे बसले, आणि त्या उन्हाळ्यापुरता पलीकडचा हौद उघडा राहिला. पुढच्या वर्षी गवतावरून पुन्हा माणसं मेली. लेपाराननं मात्र तिकडेच बदली मागून घेतली.

"गुरं खाली येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी काबालेला इस्पितळात विचारलं.

"कसलं ठाऊक! वाटलं, मरणारच आहोत तर पाणी तरी सुटू दे."

ती बरी झाल्यावर मी तिला मुटिस्याच्या घरी, किटुईला घेऊन गेलो. मुटिस्याच्या बायकोनं आम्हाला बघून दार लावून घेतलं. काबाले अंगणात बसून राहिली. उन्हं कलल्यावर ती बाई तीरासारखी बाहेर आली आणि काबालेच्या छातीवर बुक्के मारायला लागली.

"तू नेलंस त्याला! तू!"

"हो. मीच नेलं," काबाले म्हणाली.

मी पुढे झालो, तर काबालेनं नजरेनंच मला मागे सारलं. त्या बाईचे हात थकेपर्यंत ती जागची हलली नाही.