मोरिन्या नावाचं दुखणं

नव्वदच्या आसपासच्या एका हिवाळ्यात मी यवतमाळहून आदिलाबादच्या गाडीत बसलो. पत्नीला जाऊन चार महिने झाले होते. उटनूरचं जंगल बघायचं, एवढंच ठरवलं होतं.

आदिलाबादला बदललेली गाडी उटनूरच्या अलीकडे बंद पडली. दुरुस्तीला संध्याकाळ होईल म्हणाले. जवळच्या गावात मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. तिथे पाणी मागायला गेलो. तो चालवणारी सिस्टर कार्मेन मूळची स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गालिसियाची. इथे तीस वर्षं काढलेली, त्यामुळे बोली इथलीच.

गावात गुरांचा डॉक्टर नव्हता, म्हणून अंगणात माधवराव नावाचा शेतकरी बैल घेऊन उभा होता.

"सिस्टर, चार दिस झाले, ह्यो चारा खाऊन नाई राह्यला."

तिने बैलाचं तोंड पाहिलं, कान चाचपले. ताप नव्हता.

"मोरिन्या," ती म्हणाली.

"ह्यो कोन्ता रोग?"

"आमच्या गालिसियातला शब्द हाय. पहिलं गुराच्या रोगालेच म्हनत. ढोर मान टाकते, खंगते. आमच्या भाषेतल्या मरनाच्या शब्दातूनच आला म्हनतात. नक्की कोनाले ठावं नाई. मंग आमची मानसं पोटासाठी जहाजानं दूर गेली, तिकडं झुरली. त्या झुरन्यालेबी तेच नाव पडलं."

माधवराव खाली बघू लागला. "याचा जोडीदार मी आदिलाबादजवळच्या मावला गावात एकाले इकला (विकला)."

मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला होतो हा आजार?"

"पाऊस लागला का होते, आमच्या गालिसियात सारखा पाऊस." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुमी केवापासून जेवले नाई?"

तिने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढे ठेवली आणि ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून राहिली.

उटनूरला तीन दिवस एकटाच भटकलो. परतताना मावल्याला उतरून माधवरावने विकलेल्या बैलाची चौकशी केली. घेणारा तो परत द्यायला तयार नव्हता, म्हणून माधवराव दोन दिवस चालत येऊन आजारी बैलही त्याच्याच गोठ्यात सोडून गेला होता. दोघे एका गव्हाणीत कडबा खात होते.

यवतमाळच्या गाडीत मात्र भरून आलं. माझ्या दुखण्याला नाव मिळालं होतं. पण जोडीदाराजवळ नेऊन सोडायला मला गोठा नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या थोरल्या बहिणीला पत्र टाकलं. आजवर तिला 'मी मजेत आहे' असंच लिहीत होतो. या वेळी लिहिलं, "ताई, एकट्याला घास उतरत नाही. तुझ्याकडे येऊ का?"