मिसरी लावत नाही, असं मी सांगितलं

माझ्या बायकोच्या, सुमनच्या जबड्यातला इम्प्लांट निकामी झाला, तो मी खोटं बोललो म्हणून. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी डॉक्टरांना दोष देणार नाही.

“सर, हाडानं स्क्रू धरलाच नाही,” अंबाजोगाईच्या दातांच्या डॉक्टर मॅडम पडद्यावरचा एक्स-रे दाखवत म्हणाल्या. स्क्रूभोवती काळी रेघ दिसत होती. तिथं हाड भरून यायला हवं होतं.

सुमनची खालची डावी दाढ काढली होती. ती एकाच बाजूनं खायची, भाकरी कालवणात भिजवून. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरतं. याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात आणि त्याला काही महिने लागतात. मग त्यावर दाताची कॅप बसते.

आधी सीबीसीटी केला, म्हणजे हाडाची जाडी सगळ्या बाजूंनी दाखवणारा एक्स-रे. साखरही तपासली. सगळं ठीक होतं.

मग मॅडमनी सुमनला विचारलं, “तंबाखू, मिसरी काही?”

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूची पूड. सुमन लग्नाआधीपासून ती दातांना-हिरड्यांना लावते. ती बोलायच्या आत मीच म्हणालो, “छे, आमच्या घरात तसलं काही नाही.”

“दातांवर डाग आहेत.”

“बोअरच्या पाण्याचे.”

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. दरवर्षी पोरांना तंबाखूमुक्तीची शपथ मीच देतो. दार उघडं होतं आणि बाहेर आमच्या गावचे, धर्मापुरीचेच दोघं-तिघं बसले होते. मला लाज वाटली, एवढंच कारण.

स्क्रू बसवायला तासही लागला नाही. मॅडमनी सूचनांचा कागद दिला आणि तंबाखूच्या ओळीवर पेनानं काट मारली. “हे तुम्हाला लागू नाही.” तेव्हाही मी गप्प राहिलो.

चौथ्या दिवशी सुमननं विचारलं, “आवं, मिसरी लावू का? डोकं लई धरलंय.”

मी म्हणालो, “टाक्यांची बाजू सोडून लाव.”

तिसऱ्या महिन्यात हिरडी सुजली आणि स्क्रू हलायला लागला. सुरुवातीला सांगितला तो एक्स-रे पाहून मी बाहेर आलो आणि भरल्या वेटिंगमध्ये ओरडलो, “तुमचा मालच खराब होता!” मॅडम दारात उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या आत सुमन पुढं आली.

“मॅडमवर कशाला वरडता? मॅडम, मी मिसरी लावते. दिवसातून तीनदा. ह्यांनी सांगितलं न्हाई अन् मीबी गप बसले.”

बाकावरचे एक म्हातारे म्हणाले, “गुरुजी, पोरांना शपथ देता अन् घरात तवा तापवता व्हय?” सगळे हसले. मीही हसलो. सुमन हसली नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, जखमेला रक्त पुरत नाही, मग हाड भरत नाही, असं त्यांनी समजावलं. “आधी कळलं असतं तर मिसरी सोडवून मगच बसवला असता.” स्क्रू काढला. तो सहज निघाला, याचंच मला जास्त वाईट वाटलं. काही महिन्यांनी पुन्हा तपासू, हाड पुरेसं असलं तर बघू, असं त्या म्हणाल्या. खात्री त्यांनी दिली नाही.

मॅडमची माफी मी तिथंच मागितली. ते सोपं होतं. बसमध्ये सुमन तोंडात कापूस धरून खिडकीबाहेर बघत होती. तिची माफी मात्र मी मागितली नाही.

त्या दिवसापासून तिनं मिसरी बंद केली. सकाळी ओट्यावर डोकं धरून बसायची, आमच्या पोरीवर विनाकारण चिडायची. तुमच्या घरात मिसरी-तंबाखूची सवय असलेलं कुणी असेल तर डॉक्टरांपुढं त्याला स्वतः बोलू द्या. दवाखान्याच्या कागदावर सगळं खरं लिहा.

पंधरा दिवस गेले. दुपारी सुमन आमटीत भाकरी कुस्करत होती. खाली बघतच म्हणाली, “मला वाटलं, तुमी न्हाई म्हनलात म्हंजे मिसरीनं काय व्हत नसंल. तुमी शिकलेले.”

मी ताट बाजूला सारलं.

“मला माहीत होतं, सुमन. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लोकांत माझं नाव जाईल म्हणून तुला बोलू दिलं नाही. दुखणं तुझ्या वाट्याला आलं आणि वर मी दुसऱ्यावर ओरडलो. माझं चुकलं. मला माफ कर.”