मेल्यावरचा कर

दिल्लीचं सरकार दरवर्षी अंदाजपत्रक तयार करतं ते चिखलीतल्या एका माणसाला डोळ्यांपुढे ठेवूनच, अशी पक्की खात्री असलेला माणूस साऱ्या देशात एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा होता. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात, म्हणून ते आमचे चिखलीचे मामा. बाकीच्या गावाला फेब्रुवारीचा शेवट म्हणजे शाळू काढायचे दिवस. मामा मात्र अंदाजपत्रकाच्या दिवशी बैलांना सुट्टी द्यायचे, धुतलेलं धोतर नेसायचे, फेटा बांधायचे आणि ऊन कलायच्या आत चिंचवड स्टेशनकडे चालू लागायचे. तिथल्या हॉटेलात रेडिओ होता. मामा त्याच्यासमोरच्या बाकावर कानामागे हात धरून बसत आणि बातम्या चालू असताना कुणी कपबशी वाजवली तर त्याच्याकडे असं बघत की तो बिचारा चहा गार होईपर्यंत कप उचलत नसे. एका वर्षी तंबाखूवर कर वाढला. मामा रात्रभर तळमळले आणि सकाळी आत्याला म्हणाले, "माज्या तंबाखूची बातमी तितवर कुनी पोचवली, त्ये सांग आधी." पुढे बरेच दिवस ते कडब्याच्या गंजीमागे जाऊन तंबाखू मळत असत. उघड्यावर खाल्ली तर नवा दर लागेल, अशी त्यांची समजूत होती.

पँट घातलेला प्रत्येक इसम मामांच्या लेखी करवसुलीचा माणूस होता. त्या वर्षांत मुंबई रस्त्याच्या कडेला कारखान्यांसाठी जागा बघणारे लोक दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन हिंडू लागले होते. त्यातला एक तहानलेला तरुण एकदा मामांच्या मळ्यात आला. मामांनी त्याला विहीर कोरडी असल्याचं सांगितलं. मागे मोट चालू होती, चाक करकरत होतं, पाटातून पाणी मामांच्या पायांवरून चाललं होतं. "मग हे पाणी कुठलं?" त्याने विचारलं. "शेजाऱ्याचं वाट चुकलंय," मामा म्हणाले. मग आत्याने आतून तांब्याभर पाणी आणि गूळ आणून दिला, आणि तो गेल्यावर मामांनी आत्याला दिवसभर फितूर म्हटलं. त्याच मामांना गावातल्या पारावर बसवलं की मात्र त्यांची जमीन इंद्रायणीच्या काठापर्यंत पसरायची. खरी जमीन किती, हे आमच्या घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मळा एकच होता, विहिरीभोवतीचा, मामांनी स्वतःच्या हिमतीवर घेतलेला. काळी माती, बारमाही पाणी आणि बांधावर एक आंबा. त्या मळ्यावर मामांचा जीव होता, आणि तो असा उघडा होता की दोन मुलगे असलेल्या आत्याला आपण सवतीच्या संसारात नांदतो असं वाटायचं. तसं ती बोलूनही दाखवायची.

आणि मग एके वर्षी रेडिओने मामांच्या वर्मावर घाव घातला. माणूस मेला की त्याच्या मागे राहिलेल्या इस्टेटीवर आता कर बसणार, अशी बातमी होती. मामा त्या दिवशी हॉटेलातून उठले ते कुणाशी न बोलता घरी आले आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले. "जित्तेपनी घेत्यात त्ये घेत्यात," ते आत्याला म्हणाले, "आता तिरडीच्या मागं बी येनार. मी डोळं मिटलं की पोरांच्या हातनं मळा जानार बग." मामा थट्टेचा विषय होते, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्यांना मरणाची भीती नव्हती. आपण मेल्यामुळे मळा मोडेल, ही भीती होती, आणि ती मला अजूनही हास्यास्पद वाटत नाही.

मी तेव्हा पुण्यात मास्तरकी करत होतो. मामा माझ्याकडे आले आणि मला पुढे घालून एका वकिलाकडे गेले. वकिलाच्या खोलीत आधीच एक शेठ बसलेले होते, पुण्यातल्या पेठेतले. त्यांच्या किती चाळी आणि किती गाळे आहेत याचं वर्णन ते करत होते. मामा ऐकत होते आणि त्यांचा फेटा हळूहळू ताठ होत होता. वकिलाने विचारलं, "तुमची जमीन किती? अंदाजे किमतीची?" जन्मभर पँटवाल्यांपुढे विहीर लपवलेला हा माणूस. पण त्या क्षणी समोर शेठ होते. मामांनी पारावरची जमीन सांगितली. इंद्रायणीपर्यंतची. वर बारमाही विहीर, काळी माती, हापूसलाही मान खाली घालायला लावील असा आंबा, सगळं सांगितलं. शेठ म्हणाले, "वा, चिखलीत असं पाणी आहे?" मामा नुसते हसले. वकिलाने मान डोलावली आणि सल्ला दिला: एवढी इस्टेट असेल तर हयातीतच मुलांना बक्षीसपत्राने देऊन टाका, मात्र दिल्यावर दोन वर्षं जगायला हवं, त्याआधी गेलात तर दिलेलं दिलं नाही असं धरतात.

मळा मुलांच्या नावावर झाला आणि मामांनी जगायला घेतलं. अशा निष्ठेने जगलेला माणूस मी पाहिलेला नाही. ते विहिरीच्या काठाला फिरकेनात. आंब्यावर चढणं बंद झालं. एसटीचा ड्रायव्हर तरुण दिसला की ते उतरून पुढच्या गाडीची वाट बघत, आणि पुढच्या गाडीचा ड्रायव्हर म्हातारा दिसला तर त्याच्या नजरेची शंका येऊन चालत जात. मटण सोडलं, लग्नातलं जेवण सोडलं, भावकीतली भांडणंसुद्धा सोडली, कारण रागाने माणसाचं काही सांगता येत नाही. साधा खोकला आला तरी काढा पिऊन म्हणत, "सरकार वाट बगतंय. आपुन घाई करायची न्हाई." आत्या कपाळाला हात लावायची. "या मानसाला माज्यासाटी कवा जगावं वाटलं न्हाई," ती मला म्हणाली, "सरकारचं नाक कापायला मातर जगतोय." मुदत संपली त्या दिवशी मामांनी घरात मटण शिजवायला लावलं आणि जेवून थेट आंब्यावर चढले. वरच्या फांदीवरून त्यांनी साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं सांगितलं की आता मेलो तरी चालतंय.

तेव्हाच गेले असते तर सुखाने गेले असते, असं मला पुढे फार वेळा वाटलं. पण जगायची सवय लागली होती.

एकदोन वर्षांनी अंदाजपत्रकात श्रीमंतांच्या एकूण संपत्तीवर नवा कर आला, आणि त्यातून शेतजमीन वगळली गेली. मामा स्टेशनवरून पेढे घेऊन आले. शेवटी दिल्लीला आपलं म्हणणं पटलं, असा त्यांचा सूर होता. त्यांना एवढंच कळलं नाही की जे त्यांनी ऐकलं ते पुण्यातल्या शेठलोकांनीही ऐकलं होतं. चाळीत ठेवलेल्या पैशावर कर आणि काळ्या मातीत ठेवलेल्या पैशावर नाही, म्हटल्यावर शहरातला पैसा शिवाराकडे निघाला. त्यात रस्त्याला कारखाने उभे राहत होते, म्हणजे पुढेही भाव वाढणार. चिखलीच्या धुळीत मोटारी दिसू लागल्या. पहिल्याच काही मोटारींपैकी एकीतून वकिलाच्या खोलीतले ते शेठ उतरले. बारमाही विहीर त्यांच्या लक्षात राहिली होती. त्यांच्या मूळ गावी त्यांचा वडिलोपार्जित तुकडा होता, म्हणजे शेतजमीन विकत घ्यायला कागदोपत्री तेही शेतकरीच.

मुलं वाईट नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. थोरला नुकताच एका कारखान्यात लागला होता, धाकट्याचंही तिथेच नाव लागायचं होतं. थोरला मान खाली घालून म्हणाला, "आबा, कंपनीत पगार बांधून हाय. मोट कोन हाकनार? असा भाव परत यायचा न्हाई." आत्याला वाटलं, आता मामा घर डोक्यावर घेणार. मामांनी बराच वेळ तळहातावरची तंबाखू मळली, पण खाल्ली नाही. मग म्हणाले, "दिलं तवा दिलं. मागं घ्यायला मी काय सरकार हाय?"

शेठनी मळ्याला तारेचं कुंपण घातलं आणि मळा तसाच ठेवला. त्यांना पीक नको होतं, जमीन हवी होती. मोट निघाली, चाक निघालं, विहिरीचं पाणी हिरवं पडलं. काळ्या मातीत गवत माणसाच्या कमरेएवढं झालं. मामा रोज सकाळी तारेपाशी जाऊन उभे राहत. जमीन विकली गेली याचं दुःख ते गिळू शकले असते, पण जमीन पडीक दिसते हे त्यांच्याच्याने बघवत नव्हतं. एकदा त्यांनी राखणदाराला विचारलं, पाटाकडंला नुसता मुळा टाकू का, घेऊन तुमीच खावा. राखणदार म्हणाला, शेठला विचारावं लागेल. ते विचारणं काही झालं नाही.

मध्यंतरी मला तो वकील भेटला. बोलता बोलता मी मामांची खरी जमीन सांगितली, ती मला गावच्या लेखनिकाने बक्षीसपत्र लिहिलं तेव्हा कळली होती. वकील आधी हसला, मग म्हणाला, "अहो, एवढ्याशा तुकड्याला तो कर लागतच नव्हता. त्यांनी मला भलतंच सांगितलं होतं." मी हे कुणाला सांगणार होतो?

पुढच्या खेपेला चिखलीला गेलो तेव्हा मामा मला तारेपाशी घेऊन गेले. तारेतून हात घालून जवळचं गवत उपटत त्यांनी विचारलं, "काय रं मास्तर, तू शिकलेला. मी मळा पोरांस्नी दिला नसता, तर माज्या मागं कर बसला असता न्हवं?"

"बसला असता, मामा," मी म्हणालो. "जबर बसला असता."

"मंग बरं झालं," ते म्हणाले, आणि उपटलेलं गवत त्यांनी बांधावर नीट रचून ठेवलं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा हाच प्रश्न आणि हेच उत्तर.

मामा गेले ते सुगीच्या दिवसांत, झोपेत, कुणाला तसदी न देता. त्यांच्या मागे कर लावण्यालायक असं काहीही नव्हतं: एक फेटा, बैलांच्या घुंगरमाळा आणि तंबाखूची चंची. दिवस झाल्यावर मी आत्यापाशी बसलो होतो. मला राहवलं नाही, मी तिला वकिलाचं बोलणं सांगितलं आणि म्हणालो, मामांना हे कळलं नाही ते बरं झालं.

आत्या चंचीचा दोरा गुंडाळत होती. "त्यास्नी ठावं व्हतं," ती म्हणाली. "मळा इकला तवाच थोरल्यानं कचेरीत इचारून सांगितलं व्हतं."

"मग मला दर वेळी का विचारायचे?"

"तू व्हय म्हनायचास म्हनून."

मी पुण्याला परत आलो. आता आमच्या घरी रेडिओ आहे. फेब्रुवारी संपताना अंदाजपत्रकाच्या बातम्या लागतात, तेव्हा मी मुलांना गप्प बसवतो आणि शेवटपर्यंत ऐकतो. चिखलीचं नाव काही येत नाही.