मांडवात आलेली ऊब

कुमुदताई गेल्याचा फोन त्यांच्या नातीने केला. मी भाजी निवडत बसले होते. ‘‘सुमनआजी, आमच्या आज्जी सकाळी गेल्या. झोपेतच. सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं म्हणून बोलून ठेवल्या होत्या,’’ ती म्हणाली आणि मग तिला पुढचं मराठी सुचेना. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. साठ वर्षांच्या ओळखीतलं काय सांगावं, असा विचार करते तेव्हा मला त्या म्हातारपणच्या आठवतच नाहीत. हाताला कोळशाची काजळी लागलेल्या, पदर खोचलेल्या, तिशीही न गाठलेल्या कुमुदताई आठवतात.

नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी नुकतीच मराठीची शिक्षिका म्हणून लागले होते. तेव्हा हैदराबादचे मराठी लोक दर थंडीत नामपल्लीच्या मैदानात मांडव घालून एक नाटक करत. त्या वर्षीचं नाटक आमच्यातल्याच एका वकिलांनी लिहिलं होतं. धान्य शत्रूच्या हाती पडू नये म्हणून किल्लेदाराची बायको स्वतःच्या हाताने कोठार पेटवते, अशी गोष्ट. ती बायको मी. आग दाखवायची म्हणजे तांबडा कागद लावलेला दिवा आणि पंख्यापुढे फडफडणाऱ्या पट्ट्या, एवढीच आमची मजल. तालीम बघायला आलेल्या कुमुदताई म्हणाल्या, ‘‘ही आग डोळ्यांपर्यंतच जाते गं. गालाला लागली पाहिजे.’’ वकीलसाहेबांना कल्पना फार आवडली. लोक घाबरून उठले पाहिजेत, असं ते म्हणाले.

मग त्या कामाला लागल्या. मांडवाच्या दोन्ही बाजू उघड्या असत. तिथे, कापडापासून चांगलं लांब, त्यांनी जमिनीत खड्डे खणून घेतले. खड्ड्यांत कोळशाच्या शेगड्या, शेगड्यांमागे घासून आरशासारखे केलेले वाकवलेले पत्रे आणि पुढे दोरीने ओढायचं झाकण. झाकण बाजूला झालं की सगळी धग बसलेल्या लोकांवर यावी, असा हिशेब. पत्रे वाकवून घ्यायला आम्ही दोघी कोठीच्या बाजारात एका पत्रेवाल्याकडे गेलो होतो. त्याने पत्रा उलटसुलट करून विचारलं, ‘‘अम्मा, इसमें पकाने का क्या है?’’ कुमुदताई गंभीरपणे म्हणाल्या, ‘‘लोगां को सेकने का है, मियाँ.’’ त्याने लगेच हातोडा उचलला. प्रत्येक शेगडीशेजारी त्यांनी वाळू, पाण्याच्या बादल्या आणि एक भरवशाचा माणूस बसवला. प्रयोगाच्या संध्याकाळी स्वतः सगळीकडे फिरून पाहिल्याशिवाय त्यांनी पडदा उघडू दिला नाही.

त्या थंडीत लोकांच्या मनात नाटकापेक्षा दुसरंच होतं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, हे जवळजवळ नक्की झालं होतं. मराठवाडा मुंबईकडे, कानडी मुलूख म्हैसूरकडे आणि शहर तेलुगू राज्यात. सरकारी नोकरीतल्या घरांत एकच बोलणं. कोणाचं नाव औरंगाबादला लागेल, पोरांच्या शाळेचं काय, म्हातारी माणसं येतील का... मांडवातही लोक एकमेकांच्या कानाशी लागून तेच बोलत होते. मी कोठाराला मशाल लावली, दिवे गेले आणि दोन्ही बाजूंची झाकणं एकदम उघडली. धग आली. रंगमंचावर मलाही जाणवली. तांबूस उजेडात लोकांचे चेहरे दिसायला लागले. कोणी उठलं नाही, कोणी ओरडलंही नाही. लोकांनी शाली सैल केल्या. एका म्हाताऱ्याने दोन्ही तळहात शेगडीकडे धरले. त्याचं बघून शेजारच्यांनी धरले आणि बघता बघता रांगाच्या रांगा हात पुढे करून शेकत बसल्या. तिकडे किल्ला जळतोय, माझं भाषण चाललंय आणि लोकांना बरं वाटतंय.

वकीलसाहेब भयंकर चिडले. नाटकाचा कळस बाईंनी शेकोटीत घातला, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. कुमुदताईंनी ऐकून घेतलं. निखाऱ्यांवर वाळू टाकता टाकता त्या मला एवढंच म्हणाल्या, ‘‘मी चटका द्यायला निघाले होते, सुमन. लोकांना थंडी वाजत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.’’

पुढच्या नोव्हेंबरात राज्य वाटलं गेलं. कुमुदताईंचे यजमान श्रीधरराव सचिवालयात होते, त्यांचं नाव औरंगाबादच्या यादीत आलं. सासूबाई शहर सोडायला तयार नव्हत्या. मी मरेन ती इथेच, म्हणाल्या. त्यांना एकटं कोण ठेवणार? शिवाय शाळेची नोकरी होती, मुलगा लहान होता. श्रीधरराव एकटेच गेले. तेव्हा वाटलं होतं, वर्षभराचा प्रश्न आहे. ते परत आले ते थेट निवृत्त झाल्यावर.

राज्य वाटलं गेलं त्या थंडीत नाटक करावं की नाही, इथपासून वाद झाला. अर्धी पात्रं बदलीच्या गावी निघून गेली होती. नवं बसवणं शक्य नव्हतं म्हणून तेच नाटक, मिळतील त्या माणसांना घेऊन, पुन्हा केलं. धग मात्र या वेळी नको, असं वकीलसाहेबांनी आधीच सांगितलं. कुमुदताई हो म्हणाल्या. तरी खड्डे खणलेले मी पाहिले होते. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तू तुझं काम कर.’’

मांडवात मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कोठार जळालं ते साध्या तांबड्या दिव्यावर. शेवटच्या प्रवेशात किल्लेदाराची बायको वेशीपाशी उभी राहून गाव सोडणाऱ्या लोकांना निरोप देते. तिथे आगीचा संबंधच नव्हता. मी हात वर केला आणि अंधारातून दोन्ही बाजूंनी ऊब आली. निखाऱ्यांवर राख धरलेली होती, त्यामुळे उजेड जवळजवळ नव्हताच. कुठून काय येतंय ते लोकांना कळेना. मग पुढच्या रांगेतून हुंदका आला, मग बायकांच्या बाजूने आणखी, आणि पुरुषही उपरण्याने डोळे पुसू लागले. माझं पुढचं वाक्य मी म्हटलंच नाही. म्हणायची गरज राहिली नव्हती. वकीलसाहेब पडदा पडल्यावरही खुर्चीतच बसून होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी कुमुदताईंना विचारलं, हे तिथेच का घातलं? त्या मुलींच्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘स्टेशनवर सगळे होते. सासूबाई, दीर, ऑफिसचे लोक. गाडी सुटली तेव्हा यांचा हात हातात घ्यायचा राहिला.’’

त्यानंतर नाटकं हळूहळू बंद पडली. कुमुदताईंनी पुढे वर्षानुवर्षं मुलींना उष्णता शिकवली. श्रीधरराव परतल्यावर दोघांना जेमतेम सहा वर्षं मिळाली. ती फार सुखाची गेली, एवढं मी पाहिलं आहे.

परवा त्यांच्या घरी गेले होते. नात एकटीच होती. तिने चहा केला. ओतण्याआधी तिने रिकाम्या कपात कढत पाणी घातलं, कप हातात फिरवला, पाणी टाकून दिलं आणि मग चहा ओतला. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, ‘‘कोणी नाही. आज्जी असंच करायच्या. आलेल्या माणसाच्या हाताला कप गार लागू नये म्हणून.’’

मी कप दोन्ही हातांत धरून बसले. चहा प्यायची मला घाई नव्हती.