साहेबांसाठी रिकामी केलेली डेमू

डेमू रेल्वेगाडीला कुणी नावं ठेवली की अजूनही माझं डोकं फिरतं. भोकरहून किनवटच्या शाळेत शिकवायला मी इतकी वर्षं त्याच गाडीनं गेले. डब्याच्याच पोटात डिझेलचं इंजिन, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली. आधीच्या पॅसेंजरचं इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडेपर्यंत जीव जायचा. ही पठ्ठी आल्या पावली मागं फिरायची. चटकन थांबायची, चटकन सुटायची, म्हणून तर रानातल्या एवढ्याशा हॉल्टलाही तिला थांबणं जमायचं. धूर ओकायची, खिडक्या खडखडायच्या, कबूल. पण आमची होती.

त्या हॉल्टवर एक बाई चढायची. किनवटला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. नवरा वारलेला, घर तिच्यावरच. सकाळी ती वेळेवर पोचली नाही तर मुली उपाशी शाळेत जायच्या. जीपचा काही भरवसा नाही. डेमू होती म्हणून तिची नोकरी होती.

मग हॉल्ट बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. आम्ही रोजच्या प्रवाशांनी अर्ज केला, आणि चक्क निरोप आला, पाहणीला साहेब येणार! झालं, आमची धांदल उडाली. पाहुणा येणार म्हटलं की घर आवरायचं, ही आमची जन्माची खोड. मीच पुढाकार घेतला. दूधवाल्यांना म्हटलं, आज कॅन मोटारसायकलवर न्या. भाजीवाल्या बायकांना एसटीनं पिटाळलं. डबा झाडला, एक अख्खं बाकडं मोकळं ठेवलं आणि त्यावर माझ्या घरची धुतलेली सतरंजी अंथरली.

साहेबांना घेऊन गाडी हॉल्टवर थांबली. ती स्वयंपाकीण पुढं आली. "बाई, मी चढते की. साहेबाला सांगते, ही गाडी हाय म्हणून माझी भाकर हाय."

मी दारातच आडवी उभी. "आज नको गं. गर्दी दिसली तर साहेब काय म्हणतील? जीपनं ये."

ती मागं सरकली.

साहेब ऐसपैस बसले, चहा प्यायले आणि लिहून मोकळे झाले: हॉल्टवर प्रवासी नाहीत, गाडी रिकामी धावते. अरे, रिकामी? न सांगता एक दिवस येऊन बघायला काय झालं होतं? आणि आम्ही तरी काय, चार बुकं शिकलेली माणसं, अक्कल कुठं गहाण टाकली होती? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला म्हणावं, तर पाय आमचा नव्हताच. तिचा होता.

हॉल्ट गेला. पुढं विजेच्या तारा आल्या, डेमूही गेली, विजेची गाडी आली म्हणून गावात पेढे वाटले. जीपची वाट बघण्यात तिला रोज उशीर व्हायला लागला, आणि वसतिगृहानं दुसरी बाई ठेवली.

परवा किनवटच्या बाजारात भेटली. आता लोकांच्या कापसात रोजानं जाते. चार शिव्या खायच्या तयारीनंच मी उभी राहिले.

"बाई," तिनं विचारलं, "त्या दिवशी साहेबाला बसायला नीट जागा मिळाली न्हवं?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी हो म्हटलं.