वजनकाट्यावरचं खोटं

माझं कामच वजनाचं. बुटीबोरीच्या एका धाग्याच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. भरलेलं खोकं काट्यावर ठेवायचं, रिकाम्या खोक्याचं वजन वजा करायचं, उरलेला आकडा चिठ्ठीवर लिहायचा. बारा वर्षं झाली. पन्नास ग्रॅमचा फरक आला तरी मी माल पुढे जाऊ देत नाही, सुपरवायझरशी भांडते. आणि याच बाईने पोटच्या पोरीचं वजन चार किलोने खोटं लिहून घेतलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला बिचारी म्हणायला नको.

पोरीला सिकलसेल आहे. मी अर्धी, नवरा अर्धा, म्हणजे दोष रक्तात पण त्रास नाही, आणि दोघांचं मिळून तिच्या वाट्याला पुरं आलं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, मग हातापायांत कळा. त्या कळा ज्याने पाहिल्या नाहीत, त्याने मला धीर धर म्हणून सांगू नये. आठवीत ती शाळेत कमी आणि वॉर्डात जास्त होती. मग रोजची एक कॅप्सूल सुरू झाली आणि दोन वर्षं एकदाही भरती करावं लागलं नाही. दहावी झाली, अकरावीला गेली.

या कॅप्सूलचा हिशेब वजनावर असतो. कमी पडली तर कळा येतात, जास्त झाली तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. म्हणून दर महिन्याला रक्त द्यायचं आणि ओपीडीच्या दाराशी काट्यावर उभं राहायचं. तिथली सिस्टर आकडा मोठ्याने वाचायची. पोरगी सोळाची आणि आकडा चौतीसवर अडलेला. "वजन नाही वाढून राहिलं, बाई. पोरीले खायले देता का नाही?" रांगेतल्या साऱ्या बाया वळून बघायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. अंडी, शेंगदाणे, तिळाचे लाडू, काय काय नाही केलं मी तिच्यासाठी, आणि ही मलाच विचारते.

त्या हिवाळ्यात मी तिला जाडी जीन्स घातली, आतून आणखी एक पँट, वर दोन स्वेटर, पायात बूट. निघताना लिटरभर पाणी पाजलं. घराच्या किल्ल्या आणि माझा मोबाईल तिच्या खिशात.

"काहून आई?"

"तू फक्त उभी राह्य."

काटा अडतीसवर गेला. सिस्टर म्हणाली, "अरे वा." ते 'अरे वा' मला फार गोड लागलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच केलं. डॉक्टर मॅडमनी दोन्ही आकडे पाहिले, पोरगी अंग धरू लागली म्हणून औषध वाढवलं. एक दिवस एक कॅप्सूल, एक दिवस दोन. मी मान हलवली. वजनाचा आणि औषधाचा संबंध मला ठाऊक नव्हता असं नाही. त्या वेळी तो डोक्यात आला नाही, कारण डोक्यात ती रांग बसली होती.

दीड-दोन महिन्यांत तिचं तोंड आलं. वरणाचा घास लागला तरी डोळ्यांतून पाणी. कंगव्यात केसांचे पुंजके. मग ताप चढला, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी पार खाली. पाच दिवस भरती, औषध बंद. सुट्टी देताना मॅडम म्हणाल्या, "हे औषध हिला सोसत नाही असं दिसतंय. पुढच्या वेळी ठरवू, पण बहुतेक कायमचं बंद करावं लागेल."

नवरा म्हणाला, "बंद तर बंद. औषधच खराब आहे थे." पोरगी कंगवा पाहून म्हणाली, "मलेही नाही पाहिजे." आणि तिसऱ्या आठवड्यात कळ आली. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून ती दात आवळून बसली होती. समोर बारावीचं वर्ष होतं. औषध गेलं म्हणजे पुन्हा तोच वॉर्ड, हे मला उघड दिसत होतं.

त्याच आठवड्यात कारखान्यात एका बाईने खोक्याचं वजन वजा न करताच चिठ्ठी लिहिली. मी तिच्यावर खेकसले, "खोकंही मालात धरतेस का?" आणि तिची चिठ्ठी फाडता फाडता थांबले. औषध खराब नव्हतं. मी पोरीच्या बूट-स्वेटरांनाही औषध पाजत होते.

नवऱ्याला सांगितलं तर तो घाबरला. "नको सांगू वं. साऱ्यांसमोर झापतील तुले."

"झापू दे," मी म्हटलं. "कळा काही मले नाही येत."

मॅडमसमोर पोरीला घेऊन बसले. दार उघडं, बाहेर रांग. "मॅडम, औषध सोसत नाही असं नका लिहू. वजन खोटं होतं. मी केलं." काय काय घातलं होतं ते सगळं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या, आणि चिडायलाच पाहिजे होत्या. पोरगी जिवानिशी गेली असती, म्हणाल्या. मी ऐकून घेतलं, पण उठले नाही. "चूक माझी आहे. तिला तिच्या मापाचं द्या. दर आठवड्याला रक्त काढा म्हणाल तर दर आठवड्याला आणते."

त्यांनी पोरीला अनवाणी, स्वेटर काढून काट्यावर उभं केलं. साडेतेहतीस. कागदावर पुन्हा हिशेब मांडला. रक्त ताळ्यावर आलं होतं, म्हणून आठवड्यातले पाच दिवस एक कॅप्सूल, दोन दिवस नागा, आणि दर पंधरा दिवसांनी तपासणी. मी प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाचा पगार कापून घेतला आणि गेले. तिसऱ्या तपासणीला पेशी जागेवर होत्या, तोंड स्वच्छ होतं, महिनाभरात कळ नव्हती. मॅडमनी सहावा दिवस वाढवला. "हे हिचं माप," म्हणाल्या. मला रडू आलं, मी लपवलं नाही.

परतताना बसमध्ये पोरगी म्हणाली, "आई, मी वाढत नाही म्हणून तुले लाज वाटे ना?"

खोटं बोलायची आता माझ्यात ताकद नव्हती. "वाटे," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील, याची."

"मले वाटे, तुले माहीच लाज वाटते." ती खिडकीबाहेर बघत होती. "म्हणून तू वाढलं तेवढं सारं खात होती मी. पोटात मावे नाही, तू ड्युटीले गेली का मोरीत ओकत होती."

सक्करदऱ्याच्या स्टॉपवर आम्ही उतरलो. घरी तिला ताट वाढलं. दोन पोळ्या खाऊन ती थांबली आणि सवयीने माझ्याकडे बघू लागली. तिसरी पोळी माझ्या हातात होती. मी ती डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.