बरं झाल्यानंतरचं रक्त

वसईची पॉलिन दुबईतल्या एका हॉस्पिटलात रिसर्च नर्स आहे. फ्लूच्या पेशंटचं रक्त एकदा तापात आणि एकदा बरं झाल्यावर घ्यायचं, हे तिचं काम. तापात सगळे मुकाट हात पुढे करतात. बरे झाले की कोणी फिरकत नाही.

“ताप गेला ना सिस्टर, मग रक्त कशाला?” रामचंद्रनेही फोनवर तेच विचारलं. तो चिपळूणचा, ड्रॅगन मार्टच्या बाजारात माल उचलायचा.

“फ्लूत छाती आतून सुजते,” पॉलिन शंभरदा सांगितलेलं पुन्हा सांगू लागली. “सूज वाढवणारे पदार्थ शरीर चरबीतून बनवतं, आणि ती उतरवणारेही चरबीतूनच. ते उतरवणारे बरं होणाऱ्या माणसातच नीट बघता येतात.”

“माझ्यात कसली चरबी? पण या तुम्ही.”

भर उन्हात बस बदलत ती इंटरनॅशनल सिटी या वस्तीत त्याच्या खोलीवर पोचली. त्याने अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. दंडाला पट्टा बांधता बांधता तिने विचारलं, “गोळीबिळी काही घेतली नाहीस ना?”

“दुखण्याची घेतली सकाळी. पाठ भरून आली होती. म्हटलं, तुमच्यासमोर नीट बसता यावं.”

पॉलिनने पट्टा सोडला. जे पदार्थ मोजायचे, त्यातले काही बनणंच ती गोळी अडवते.

“अरे, आधी सांगायचंस ना!”

“तुम्ही कुठे विचारलंत?”

खरंच विचारलं नव्हतं. ही गोळी चालत नाही एवढं सांगून ती तशीच परतली.

“उद्या त्याच्या दुसऱ्या रक्ताची मुदत संपते, गोळीचा असर तोवर जात नाही,” संशोधन चालवणाऱ्या डॉक्टर लतिका म्हणाल्या. “खलास. नाव काढून टाक.”

“पण डॉक्टर, ही माणसं दिवसभर ओझी उचलतात. गोळी न घेणारा आणू कुठून?”

“सूचना दिलेल्या असतात, पॉलिन.”

“इंग्रजीत!” ती जवळजवळ ओरडलीच. लतिका पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी रामचंद्रचा फोन आला. “गोळी बंद केली, सिस्टर. पाठ पार कामातून गेलीय, पण यल्ला, चला, आज या!”

पॉलिनने खरं ते सांगितलं. मुदत संपली होती, आता उपयोग नव्हता.

रामचंद्रने विचारलं, “मग घेऊ आता गोळी?”

“घे,” ती म्हणाली. “जेवून घे पण. उपाशीपोटी नको.”